मशीनसमोर उभं कोण राहणार

सरांना अख्खं डिपार्टमेंट पाठीमागे 'तोफ' म्हणायचं, आणि ते काही उगाच नव्हे. माणूस हुशार, नाव मोठं, पण राग सदा नाकाच्या शेंड्यावर. कीबोर्ड भिंतीवर आपटायचा, खुर्ची लाथाडायची, एखाद्या संशोधकाची कॉलर धरून त्याला व्हरांड्यात ढकलायचं, हे त्या लॅबमध्ये इतकं रोजचं झालं होतं की नवा माणूस आला की जुने त्याला आधी त्याचं टेबल दाखवत आणि मग सरांपासून किती लांब उभं राहायचं ते दाखवत. दुभत्या गाईच्या लाथा गोड, दुसरं काय! कंपनीचं अनुदान सरांच्या नावावर येत होतं आणि त्या अनुदानावर सगळ्या लॅबच्या चुली पेटत होत्या.

आता ही कंपनी काय करायची, तर गोदामांत माल वाहणारी अजस्र मशीन बनवायची. चालक नाही, स्टिअरिंग नाही. ट्रकएवढं वजन स्वतःच्या अकलेने हिंडतं. ती अक्कल म्हणजे सॉफ्टवेअर, आणि त्या सॉफ्टवेअरच्या ढीगभर टेस्ट रोज आपोआप चालतात. भानगड अशी, की त्यातल्या काही टेस्ट आज नापास, उद्या पास, परवा पुन्हा नापास. कोडला कुणी बोटसुद्धा लावलेलं नसतं. अशा टेस्टना लॅबमध्ये 'लहरी' म्हणत. या लहरींपायी कंपनीचे इंजिनिअर रडकुंडीला आले होते, म्हणून तर त्यांनी विद्यापीठाला पैसे दिले. कुठल्या नापासावर विश्वास ठेवायचा आणि कुठल्याकडे काणाडोळा करायचा, हे ठरवणारं एक टूल आम्हाला बनवून द्या, एवढंच त्यांचं म्हणणं.

ते टूल बनवलं बाळ्याने. बाळ्या हे त्याचं घरचं नाव. तिशी ओलांडलेला, दाढी राखलेला, परिषदांमध्ये भाषणं देणारा माणूस. पण त्याची थोरली बहीण त्याच लॅबमध्ये टेस्टिंगचं काम बघायची, तिच्या तोंडून एकदा ते नाव निसटलं आणि जे चिकटलं ते चिकटलंच. तो तिला अक्का म्हणायचा, म्हणून सगळेच तिला अक्का म्हणत.

आई गेली तेव्हा बाळ्या रांगत होता. अक्काने त्याला भरवलं, शिकवलं, झोडपलं, आणि सायकलवर, तलावावर, सहलीला कधी एकटं सोडलं नाही. माया होती खरी, पण त्या मायेचा जाचही काही कमी नव्हता. बाळ्याला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे अक्काने 'सांभाळून रे' न म्हणता त्याला एकदा काहीतरी करू द्यावं.

आणि ती संधी त्या दिवशी आली होती. कंपनीची एक जुनी रीत होती. ज्याने मशीन पास केलं, त्याने चालत्या मशीनसमोर स्वतः उभं राहायचं. मशीन येतं, माणूस पाहतं, आखलेल्या पट्ट्यावर थांबतं. मग टाळ्या, फोटो, सह्या. या खेपेला मशीन पास केलं होतं बाळ्याच्या टूलने. चाचणी नीट पार पडली की अनुदान पुढे चालू राहणार होतं आणि टूल कंपनीच्या गोदामा-गोदामांत जाणार होतं. बाळ्या आठवडाभर जमिनीवर नव्हता.

सकाळी पोरं हॉलमध्ये मोठा स्क्रीन जोडत होती. मशीन काय पाहतं, काय ठरवतं, ते सगळं पाहुण्यांना आणि दूर मुख्य कचेरीत बसलेल्या बड्या मंडळींना दिसावं म्हणून. अक्का आपल्या टेबलावरून, मशीनची चाकं अडवून ठेवून, सवयीप्रमाणे टेस्ट चालवत होती. त्यात ब्रेकची एक टेस्ट होती. माणूस आडवा आला की थांबायचं, एवढीच. ही टेस्ट वर्षभर क्वचित कधीतरी लाल व्हायची, पुन्हा चालवली की हिरवी. बाळ्याच्या टूलने तिला केव्हाच लहरी ठरवून गप्प केलं होतं.

आज ती लाल झाली. अक्काने पुन्हा चालवली. लाल. पुन्हा, लाल. आज नवं काय, तर हॉलमधला तो स्क्रीन. तिने हॉलमध्ये फोन करून स्क्रीन बंद करायला लावला आणि टेस्ट चालवली, तर हिरवीगार. स्क्रीन चालू करायला लावला, लाल.

मग कळायला वेळ लागला नाही. मशीन स्क्रीनला खबर पाठवायचं आणि 'मिळाली' असं उत्तर येईपर्यंत त्याचं डोकं तिथेच खोळंबून राहायचं, चाकं मात्र फिरतच. तेवढ्या वेळात ब्रेकची हाक आली तर ती ऐकायला कुणी जागेवरच नाही. लॅबमध्ये रोज स्क्रीन कोण लावतो? कधीमधी कुणी लावला तरच ती लाल. म्हणून टेस्ट लहरी वाटत होती. पण आज एवढा थोरला स्क्रीन, त्यात मुख्य कचेरीची भर, उत्तर रेंगाळतच येणार. ती टेस्ट लहरी नव्हतीच मुळी, वर्षभर बिचारी खरं सांगत होती. आणि बाळ्या तिथे छाती काढून उभा राहणार होता.

अक्का धावत सरांच्या केबिनमध्ये शिरली. सर आरशासमोर टाय बांधत होते.

"सर, चाचणी थांबवा. स्क्रीन चालू असला की मशीन थांबत नाहीये."

"कुठली टेस्ट?"

"ब्रेकची."

"ती लहरी आहे."

"नाहीये सर! मी आत्ता तपासलंय. निदान स्क्रीन तरी बंद ठेवा."

सरांनी टाय सोडला. "अक्का, तुम्हाला कळतंय का काय बोलताय? ती टेस्ट खरी निघाली म्हणजे टूल खोटं ठरलं. टूल खोटं ठरलं म्हणजे इतक्या वर्षांचं सगळं काम मातीत. बाहेर कंपनीच्या मॅडम येऊन बसल्यात, आणि मी त्यांना सांगू की आमचं टूल ब्रेकसुद्धा ओळखत नाही?"

"माझा भाऊ मरेल हो!"

"तुझा भाऊ मोठा होतोय, ते तुला बघवत नाहीये!" अहो-जाहो कधीच गेलं होतं. सरांनी टेबलावरचा कप उचलून भिंतीवर भिरकावला. काचा अक्काच्या पायाशी आल्या. ती हलली नाही, तसा त्यांनी तिचा दंड धरला आणि तिला कपाटावर असं ढकललं की वरच्या फायली तिच्या डोक्यावर कोसळल्या. ती सावरते तोवर सर दाराबाहेर पडत होते. तिने झेप घेऊन दाराच्या फटीत हात घातला. सरांनी तो हात पाहिला. नीट पाहिला, आणि मग सगळ्या ताकदीने दार ओढलं.

हाडं मोडल्याचा आवाज तिला आधी ऐकू आला, कळ मागून आली. तिचा हात आपोआप मागे गेला, दार लागलं, किल्ली फिरली.

मधली दोन बोटं भलतीकडेच वळली होती. अक्का खाली बसली, ओरडली, स्वतःच्याच दंडाला चावली आणि उठली. रडत बसायची सोय नव्हती. फोन करावा, तर हॉलमध्ये जाणाऱ्या प्रत्येकाचा फोन दारातच काढून घेतला होता, कंपनीची गुपितं बाहेर जाऊ नयेत म्हणून. कपाटात सरांचं उत्कृष्ट संशोधनाचं मानचिन्ह होतं, भरीव पितळेचं. त्याचा उपयोग पहिल्यांदाच काहीतरी झाला. चौथ्या-पाचव्या घावाला दाराची काच फुटली, आणि त्या भोकातून बाहेर पडताना अक्काची मांडी खालपर्यंत फाटली.

हॉलच्या दारातल्या गार्डने तिला अडवलं. "मॅडम, फोन जमा करा," तो म्हणाला आणि मग त्याला रक्त दिसलं. तो काही विचारणार, तेवढ्यात तिने त्याच्या पोटात कोपर घातलं. तो वाकला. ती आत घुसली.

मशीन निघालं होतं.

लांबलचक हॉल, मधोमध पिवळ्या रेघांची वाट, दोन्ही बाजूंनी लोखंडी कठडा. पलीकडच्या टोकाला बाळ्या हात मागे बांधून उभा, नवा शर्ट, ओठांवर हसू. त्याच्या पाठीमागे भिंत.

"बाळ्या! बाजूला हो! ते थांबणार नाही!"

त्याने ऐकलं. सगळ्यांनीच ऐकलं. बाळ्याचं हसू मावळलं, कान लाल झाले, आणि तो आणखी ताठ उभा राहिला. तिने त्याला सगळ्यांदेखत पुन्हा बाळ्या म्हटलं होतं. त्याच्यापर्यंत पोचायला वेळ नव्हता. स्क्रीनचं टेबल मात्र तिच्याजवळ होतं, खाली त्याचा कॉम्प्युटर. अक्काने टेबलाला खांदा लावला आणि सगळा जीव एकवटून ते लोटलं. स्क्रीन, कॉम्प्युटर, वायरी, फुलदाणी, सगळं धाडकन खाली आलं, आणि समोर बसलेल्या एका पाहुण्याच्या कपाळाला काच लागून रक्ताची धार सुटली.

स्क्रीन गेला, तसं मशीन मोकळं झालं. त्याला ब्रेकची हाक ऐकू आली. चाकं किंचाळली. मशीन बाळ्याच्या छातीपासून वीतभर अंतरावर थांबलं.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या! काय म्हणावं आता? त्यांनी पाहिलं ते एवढंच, की एका वेड्या बाईने धिंगाणा घातला, तरीही मशीन बरोब्बर थांबलं. सर तर सगळ्यांत जोरात वाजवत होते.

बाळ्या कठडा ओलांडून आला आणि त्याने अक्काच्या थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा. तिचा ओठ फुटला.

"झालं समाधान? आज तरी मला सोडायचं होतंस!"

"बाळा, ऐक. टेबल पडलं म्हणून ते थांबलं. स्क्रीन चालू असता तर..."

"पुरे!" तो ओरडला. "पोहायला गेलो तर बुडेन, सायकल घेतली तर पडेन, परदेशात नोकरी आली तर आजारी पडेन! सगळं तूच ठरवलंस. आता माझं टूलसुद्धा तूच ठरवणार?"

त्याचं म्हणणं शब्दन् शब्द खरं होतं, आणि आजच नेमकं ते चूक होतं. इतकी वर्षं लांडगा आला रे करून बसल्यावर आज खरा लांडगा आला, तर तिच्यावर कोण विश्वास ठेवणार?

कंपनीच्या मॅडम मात्र टाळ्या वाजवत नव्हत्या. हळू आवाजाची, काटक बाई. त्यांची नजर जमिनीवर होती. मशीनने जिथे थांबायचं तो पट्टा मशीनच्या पोटाखाली गेला होता.

"उशिरा थांबलंय," त्या म्हणाल्या. "दुसरा स्क्रीन लावा. पुन्हा चालवू. या खेपेला रिकामं."

"रिकामं कशाला?" बाळ्या म्हणाला. "रीत म्हणजे रीत. मी बाजूला झालो तर उद्या माझ्या टूलवर कोण विश्वास ठेवेल?"

"शाब्बास!" सर म्हणाले. "याला म्हणतात संशोधक."

मॅडमनी खांदे उडवले. "तुमची मर्जी."

दोन गार्डनी अक्काला काखेत धरून भिंतीशी उभं केलं. ज्याच्या पोटात कोपर बसलं होतं, तो तिचा मोडका हात जरा जास्तच आवळून होता. पोरांनी दुसरा स्क्रीन लावला. मुख्य कचेरीतली मंडळी त्यावर पुन्हा दिसू लागली. मशीन मागे नेऊन उभं केलं. बाळ्या परत आपल्या जागी निघाला. आता लोटायला टेबल नव्हतं, ओरडून उपयोग नव्हता. मग तिने ओरडणं सोडून दिलं. ती एकदम शांत झाली.

"चुकलंच माझं," ती म्हणाली. "सकाळपासून डोकं फिरलंय माझं. मला त्याला पाणी तरी देऊ द्या. सकाळपासून घसा कोरडा असेल त्याचा."

मॅडमनी मान हलवली, गार्डनी तिला सोडलं. कुणीतरी तिच्या धडक्या हातात पाण्याची बाटली दिली. अक्का लंगडत कठड्यातून आत गेली. जाताना, चाकाखाली अडकवायचा लोखंडी दांडा कठड्याला टेकून ठेवला होता, तिथे तिने बाटली ठेवली आणि दांडा उचलला.

बाळ्याची तिच्याकडे पाठ होती. तो शर्ट नीट खोचत होता.

'देवा, आणखी कुठे लागू देऊ नकोस,' एवढंच ती मनात म्हणाली. तिने दांडा खांद्यामागे नेला आणि त्याच्या गुडघ्याखाली, नडगीवर, होता नव्हता तेवढा जोर लावून घातला.

हाड काडकन मोडलं. बाळ्या गुरासारखा ओरडला आणि आडवा पडला. पाय जिथे वाकायचा नसतो तिथे वाकला होता, पँटमधून हाडाचं टोक वर आलं होतं. अक्काने दांडा टाकला, त्याची कॉलर धरली आणि एका हाताने, मागे सरत, ओरडत, त्याला फरफटत पिवळ्या वाटेबाहेर ओढलं. तो तिच्या हाताला चावत होता, तोंडावर ठोसे मारत होता. तिने त्याला सोडलं नाही.

मग सगळे तुटून पडले. कुणी तिचे केस धरले, कुणी पाठीत गुडघा रोवला. सर धावत आले आणि त्यांनी तिच्या बरगडीत लाथ घातली, एक, मग आणखी एक. "सैतान! सख्ख्या भावाचा पाय मोडलास!" एक पोरगी रडत ॲम्ब्युलन्सला फोन करायला बाहेर पळाली. बाळ्याचं ओरडणं चालूच होतं.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. आवाज तेवढाच हळू, पण सरांचा पाय हवेतच थांबला. "ही बाई असं का करेल, ते आधी पाहू. सर, टूल तुमच्या लॅबचं आहे. तुम्ही उभे राहा."

"मी?"

"रीत आहे."

सरांनी मशीनकडे पाहिलं. मग स्क्रीनकडे, मग जमिनीवर पडलेल्या अक्काकडे. ती त्यांच्याकडेच बघत होती.

"माझा पाय मुरगळलाय," ते म्हणाले. आत्ताच दोन लाथा घातल्या, तोच पाय.

मॅडमनी पहिल्या रांगेतली सरांची गादीची खुर्ची उचलली, नेऊन बाळ्याच्या जागी ठेवली, सरांनी तिथेच काढून ठेवलेला कोट तिच्या पाठीवर चढवला आणि हाताने खूण केली.

मशीन निघालं. स्क्रीनवर खुर्चीभोवती लाल चौकट आली, त्यात ठळक अक्षरांत 'माणूस' असं उमटलं. म्हणजे मशीनला दिसत होतं. सगळ्यांना वाटलं, आता थांबेल. पट्टा आला. मशीनने पट्टा ओलांडला. तंत्रज्ञाने मेन स्विच ओढला, पण एवढं वजन एकदा निघालं की असं थोडंच थांबतं? खुर्ची पहिल्यांदा घसरली, मग भिंतीला टेकली, मग चपटी झाली. गादी फुटली, लोखंडी पाय भिंतीत शिरले, गिलावा ढासळला. धुरळा खाली बसला तेव्हा मशीन आणि भिंत यांच्यामध्ये कोटाची एक बाही तेवढी दिसत होती.

मॅडमनी आपली पर्स उचलली. "सगळ्या गोदामांना कळवा," त्या आपल्या माणसाला म्हणाल्या, "या क्षणाला सगळी मशीन बंद." आणि त्या चालू लागल्या. सर त्यांच्या मागे धावले, चांगले दोन्ही पायांनी. "मॅडम, हे तर संशोधनाचं यशच आहे! दोष सापडला ना! पुढच्या टप्प्याचं अनुदान..." मॅडमनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. अक्काला धरून बसलेल्या माणसांचे हात कधी सुटले, ते त्यांनाही कळलं नाही.

ॲम्ब्युलन्समध्ये दोघांनाही एकत्रच घातलं. बाळ्या स्ट्रेचरवर, अक्का शेजारच्या बाकावर, तिचा हात फळीला बांधलेला. पायाला हिसका बसला की बाळ्या केकाटायचा आणि मग शिव्या घालायचा. राक्षशीण म्हणाला, कसाईण म्हणाला, तुझं तोंड बघणार नाही म्हणाला. खुर्चीचं काय झालं ते त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, तरी त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही.

"मला बोलावून नीट सांगता येत नव्हतं तुला?" तो किंचाळला.

"सांगितलं होतं रे."

"मग अजून सांगायचं! पाय मोडायचा असतो का कुणी? आयुष्यभर लंगडत राहीन मी!"

"हो रे राजा," अक्का म्हणाली. "लंगडशील."

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि फुटलेल्या ओठावर झोंबत होतं. बाळ्याने आणखी एक शिवी घातली, अशी, की पुढे बसलेल्या ड्रायव्हरने आरशातून मागे पाहिलं. मग इंजेक्शनचा असर झाला असावा. तो गप्प झाला, डोळे मिटले, मान एका बाजूला कलंडली.

तिने वाकून धडक्या हाताने त्याचा गाल हलवला.

"बाळ्या? ए बाळ्या! झोपू नकोस रे. बोल ना. घाल ना शिव्या."

त्याने डोळे अर्धवट उघडले.

"बाळ्या नको म्हणूस," तो पुटपुटला, "ए मेले."

अक्का हुंदका देऊन हसली आणि त्याच्या कपाळावर कपाळ टेकवून तशीच बसून राहिली.